पुढच्या दातांमधली फट

धाकटीच्या वाटचं बोलायची ताईला खोडच होती. आई गेली तेव्हा धाकटी शेंबडी पोर. तेव्हापासून "तिला भूक नाही", "तिला तो रंग शोभत नाही", सगळं ताईच सांगणार. आता धाकटी लाँड्रीत दिवसभर इस्त्री फिरवणारी घोडी झाली, तरी दवाखान्यात नर्सनं विचारलं, "पाळी वेळेवर येते का?" तर ताईच म्हणाली, "घड्याळ लावून घ्या!"

"पेशंट कोण आहे नक्की?"

"पेशंट कोणी नाही. ही बीज देणार, आई मी होणार."

ताईच्या लग्नाला तप उलटून गेलेलं. औषधं झाली, सुया झाल्या, पाळणा काही हलला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची बीजं संपल्यात जमा, दुसऱ्या कोणाची घ्या. ताई म्हणाली, दुसरीची कशाला, घरचीच घेऊ. पण देणारीचीही आधी तपासणी होते, अंगाची आणि मनाचीही.

नर्सनं नळ्यांवर नळ्या भरून रक्त काढलं. "मलाही ठेवा थोडं," धाकटी म्हणाली.

मग सोनोग्राफी. ताई या खोल्यांमधली जुनीजाणती, तिनं सकाळपासून धाकटीला पाणी पाजपाजून टम्म फुगवलेलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, ही आतून करायची तपासणी! आधी रिकामी होऊन ये."

"ताई, तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव!" म्हणत धाकटी पळाली.

परत येऊन आडवी झाली, पडद्यावर काळे काळे ठिपके दिसले. "बीजं छान आहेत. भरपूर आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुकानाच्या काचेतून पोरानं खेळणं बघावं, तशी ताई त्या ठिपक्यांकडे बघत राहिली.

राहिल्या सल्लागार बाई. ताईनं बसमध्येच धाकटीकडून घोकवून घेतलं होतं, "मला काही वाटणार नाही, असं सांग. हसून सांग. त्या नाही म्हणाल्या तर माझं संपलं बघ." पण बाईंनी ताईलाच बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं, "बाळ तुमच्यासारखं दिसेल, आई मात्र त्यांना म्हणेल. संध्याकाळ झाली की तुम्ही तुमच्या घरी. काय वाटेल?"

धाकटीनं हसायला तोंड उघडलं. हसू येईना. तिचं स्वतःचं लग्न जमता जमता राहिलेलं. लाँड्रीत तान्ह्या मुलांचे कपडे आले की ती ते शेवटाला ठेवायची. त्या इवल्या बाह्यांत इस्त्रीचं टोकसुद्धा शिरत नाही. मग ती हातानंच दाबून दाबून सुरकुती काढत बसायची. मालक ओरडेपर्यंत.

"जीव तुटेल," ती म्हणाली. बोलली आणि जीभ चावली. घालवलं मी ताईचं!

"मग नको म्हणता?"

"तसं कुठं म्हणाले? जीव तुटतो म्हणून माणूस द्यायचं थांबतं का? पण खोटं कसं सांगू, बाई?"

बाईंनी उठून दार उघडलं, ताईला आत बोलावलं. "आता हेच यांच्यासमोर बोला."

धाकटी मान खाली घालून बोलली. जन्मात पहिल्यांदा ताईनं तिला मध्येच तोडलं नाही. मग हळूच म्हणाली, "भीती मलाही वाटते गं. बाळ हसलं की तुझ्यासारखं दिसेल. म्हणजे आईसारखं. पुढच्या दातांत तीच फट. मी मेली बाबांच्या वळणावर गेले, आईतलं मला काहीच आलं नाही. ते तुझ्याकडेच झेपावलं तर?"

"तर मी उचलून तुझ्याकडे देईन."

"आणि मग?"

"मग काय, बस पकडीन."

ताईनं नाक पुसलं. "बस चुकली तर राहा."

"माझ्याकडून हो आहे," सल्लागार बाई म्हणाल्या. "रक्ताचे रिपोर्ट नीट आले की सुरू करू."

बाहेरच्या बाकावर येऊन बसल्यावर धाकटीला एकदम हसू फुटलं. सकाळचं ते पाणी आठवलं, काय आठवलं कोणास ठाऊक, थांबेचना.

"थांब," ताई म्हणाली. "तोंड मिटू नकोस."

आणि धाकटीची हनुवटी धरून ती दातांमधल्या त्या फटीकडे बघत बसली.