पावडरच्या डब्यातली किंकाळी

सिनेमा काळापांढरा आणि त्यातला शाप अगदी सरळ: मेलेल्या राणीच्या फणीनं जो केस विंचरेल, तो सात दिवसांत मरेल. हे पहिल्या दहा मिनिटांतच सगळ्यांना कळायचं, तरी सिनेमातली शहाणी माणसं एकामागून एक त्याच फणीनं भांग पाडायला बसायची. शेवटी वाचायचा तो एकटा टकला आचारी.

चाळीस वर्षं हा सिनेमा चालवणाऱ्या ऑपरेटरचा जीव मात्र सहाव्या रिळात अडकलेला. तिथं नायिका आरशात राणीला बघते आणि किंचाळते. चांगली नऊ सेकंद. तोंड नायिकेचं, आवाज ऑपरेटरच्या बायकोचा. ती तेव्हा स्टुडिओत कपडे शिवायची. आवाज भरायच्या दिवशीच नायिकेचा घसा बसला, आणि नेमकी हिच्या पायावरून पाल गेली नि ही किंचाळली. साउंडवाला म्हणाला, "बाई, हीच जरा परत द्या." पाल काही परत सापडली नाही, किंकाळी मात्र मिळाली.

एरवी तिचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जायचा नाही. लेक दोन वर्षांची असताना ती गेली. मागे चार फोटो राहिले, आणि आवाज एवढाच.

लेकीनं तो कधी ऐकलाच नव्हता. सिनेमा फक्त प्रौढांसाठी, आणि दारावरचा डोअरकीपर नियमाला पक्का.

"मामा, मला आईला ऐकायचंय."

"अठरा पूर्ण कर, मग खुशाल ऐक."

अठरा झाली तोवर ती हट्टानं रुसून बसलेली. मग लग्न, मग लांबचं गाव. आता थिएटर पाडून तिथं गाड्या लावायची जागा होणार होती. शेवटचा खेळ रविवारी दुपारी तीनचा, आणि त्याला ती येणार होती.

अडचण एकट्या ऑपरेटरला ठाऊक होती. बायको गेल्यावर तो रोज सकाळी रिकाम्या थिएटरात तेवढाच तुकडा लावायचा. पुढं, मागं, परत पुढं. फिल्म झिजली, आणि खेळात बरोबर तिथंच तुटायला लागली. लोक म्हणाले, शाप खरा आहे. गर्दी वाढली, मालक खूश. दर वेळी ऑपरेटर फाटलेला भाग कापून टोकं चिकटवायचा आणि कापलेलं टाकवत नाही म्हणून बायकोच्या पावडरच्या डब्यात ठेवायचा. नऊ सेकंदांचं आता जेमतेम एक उरलं होतं. बाकीची बायको डब्यात.

आठवडाभर तो तुकडे जोडत बसला. नंबर कुणी घातले होते? कुठला आधी, कुठला नंतर, काही कळेना. अंदाजानं चिकटवत गेला. बोटांना पावडरचा वास येत राहिला.

रविवारी लेक त्याच्या शेजारी केबिनमध्ये उभी राहिली. सहावं रीळ लागलं. नायिकेनं आरशात बघितलं आणि पाण्याबाहेरच्या मासोळीसारखी तोंडाची उघडझाप करायला लागली. आवाज आला, "ह. हा. ह ह. हा." चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या जागी अख्खं थिएटर खो खो हसलं.

ऑपरेटरला मान वर करवेना.

"बाबा, ही तर हसतेय," लेक म्हणाली. "तुम्ही किंकाळी म्हणाला होतात."

तो म्हणाला, "आधी किंचाळली. मग पालच होती म्हणून हसली."

"अशी हसायची आई?"

"अशीच."

ती डोळे पुसत हसायला लागली. तो खरी किंकाळी आठवायला गेला, तर कानात तेच तुटकं ह ह. आणि बायको खरोखर हसायची कशी, ते तर कधीचंच हरवलं होतं.

खेळ सुटला. डोअरकीपरनं शेवटच्या वेळी दारं उघडली, खुर्च्या रिकाम्या झाल्या.

"बाबा, तेवढंच परत लावता?"

ते जोड दुसऱ्यांदा टिकणार नव्हते. त्यानं पावडरचा रिकामा डबा तिच्या हातात दिला.

"हा उघडून मशीनखाली धर," तो म्हणाला, आणि रीळ मागं फिरवायला घेतलं.