नवशिक्यांच्या रांगेत कासियान

"याआधी कधी स्कीला कातडं लावून डोंगर चढलायत?" फोनवरच्या बाईने विचारलं, आणि कासियान लान्सर "नाही" म्हणून मोकळा झाला.

असं काही बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. कातडं म्हणजे चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी. कासियानने पहिल्यांदा लावलं ते खऱ्याखुऱ्या सीलच्या कातडीचं होतं, आणि तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता तो सहासष्ट वर्षांचा होता. पूर्व तिरोलमधल्या हिंटरएगन गावात, त्याच्या घराच्या खिडकीतून जेवढी शिखरं दिसत तेवढ्या सगळ्यांवर तो हिवाळ्यात जाऊन आला होता. पण फोनवरची बाई म्हणाली, "छान. मग शनिवारी या. रस्ता अगदी सोपा आहे, घाबरू नका." आणि त्याने "बरं" म्हणून फोन ठेवून दिला.

हे सगळं व्हिन्सेंझमुळे झालं. लाकूड कापायच्या गिरणीत दोघांनी एकत्र उमेदवारी केली, आणि मग जन्मभर सुट्टीच्या दिवशी एकत्र डोंगर चढले. कासियानने लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात ती होती, आणि बाहेर व्हिन्सेंझ होता. तिसऱ्या कुणाची गरज कधी पडली नाही. मग व्हिन्सेंझचा खुबा गेला, पायऱ्या चढणं जमेना, आणि पानगळीच्या सुमारास लिंझहून त्याची मुलगी येऊन त्याला घेऊन गेली. सुरुवातीला दर रविवारी फोन व्हायचा. "बर्फ कसं आहे?" व्हिन्सेंझ विचारायचा. कासियान सांगायचा. मग दोघंही गप्प बसायचे, कारण त्यांची सवय शेजारी शेजारी गप्प चालायची होती, आणि तसलं गप्प राहणं फोनवरून पोचत नाही.

जानेवारीत कासियान एकदा एकटाच वर गेला. शिखरावर पाठीवरची पिशवी उतरवताना तो सहज बोलून गेला, "बघ, इटलीकडून ढग येतायत." स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला. त्या दिवशी पाव न खाताच तो खाली आला. पुढच्या आठवड्यात बेकरीच्या दारावर जाहिरात दिसली. पलीकडच्या खोऱ्यात नवशिक्यांसाठी सोप्या वाटा, चार शनिवार, वाटाड्या वालबुर्गा ओर्टनर. त्या खोऱ्यात त्याला कुणी ओळखत नव्हतं. त्याने जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला.

स्वतःच्या स्की नेल्या असत्या तर तळावरचे ओरखडेच बोलले असते. म्हणून त्याने दुकानातून सगळं भाड्याने घेतलं. बूट टाचेला लागत होते. गाड्या उभ्या करायच्या जागी सगळे गोळा झाले तेव्हा वालबुर्गाने, उन्हाने रापलेल्या चाळिशीच्या त्या बाईने, पहिल्यांदा एकच नियम सांगितला. "खाली गावात काय अहो-जाहो करायचं ते करा. इथून वर सगळे अरे-तुरे. मी बुर्गल."

व्हिएन्नाहून आलेलं एक तरुण जोडपं होतं. त्यांचे कपडे इतके नवे होते की चालताना सळसळत होते. आणि फिलाखहून एकटीच आलेली रोस्विता होती. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, तोंडाने फटकळ. कासियानने मुद्दाम कातडं तिरपं चिकटवलं. ते पाहून ती म्हणाली, "देवा, तुझं तर माझ्यापेक्षा वाईट आहे. चल, मी तुझ्यामागेच चालते. तू पडलास की मला धीर येईल."

"आणि तू पडलीस तर?"

"मी पडणार नाही. मी बसणार. त्यात फरक असतो."

कासियान हसला. मग बराच वेळ त्याला जाणवत राहिलं की आपण हसलो.

वाट खरंच सोपी होती. झाडं विरळ, उतार म्हणजे उन्हाळी कुरणं. व्हिन्सेंझ असता तर म्हणाला असता, इथे गाईसुद्धा कंटाळतात. वर लाकडी क्रूसापाशी बुर्गलने सगळ्यांशी हात मिळवत "बेर्ग हाइल" हा शिखरावरचा नमस्कार म्हटला, आणि नवशिके कुठलं मोठं शिखर जिंकल्यासारखे एकमेकांचे हात दाबत बसले. रोस्विताने सफरचंदाचा केक काढून अर्धा त्याच्या हातावर ठेवला. त्याने धुरी दिलेल्या मांसाचे पातळ काप करून तिला दिले.

"सुरी चांगली चालवतोस," ती म्हणाली. "पायांचं तेवढं बघ."

उतरताना तो दोनदा पडला. ठरवून पडणं अवघड असतं हे त्याला त्या दिवशी कळलं. दुसऱ्यांदा तर खांदा चांगलाच आपटला.

दुसऱ्या शनिवारी त्यांची जोडी जमलीच आहे असं सगळ्यांनी धरलं. तिसऱ्या शनिवारी चढ थोडा उभा होता. तिथे नागमोडी जाताना दर वळणावर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायातली स्की उचलायची आणि उलट दिशेला टेकवायची असते. एका वळणावर रोस्विता अडकली. एक स्की इकडे, एक तिकडे, आणि खाली पाहिलं गेलं. बुर्गल पुढे व्हिएन्नावाल्यांना हात देत होती.

"मला नाही जमणार," रोस्विता म्हणाली. नेहमीचा फटकळ आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. तिचे डोळे भरून आले होते. "माझ्या नवऱ्याने मला सोडून जाताना सांगितलं होतं, तुला सगळ्याचीच भीती वाटते. बरोबर बोलला तो. काय करतेय मी इथे?"

कासियान तिच्या खालच्या बाजूला येऊन उभा राहिला. ती घसरली असती तर त्याच्यावरच आली असती. तिच्या लक्षात यावं असं ते नव्हतं.

"मलाही भीती वाटते," तो म्हणाला.

"खरंच?"

"खरंच."

तिने नाक पुसलं. मग दात आवळून पाय उचलला, आणि स्की फिरली. वर पोचल्यावर ती दिवसभर त्याच्याशी काही ना काही बोलत राहिली. मुलगा ग्राझला असतो, फोन करत नाही. दुकानात म्हातारे औषध घ्यायला कमी आणि बोलायला जास्त येतात. पुढच्या हिवाळ्यात स्वतःच्या स्की घ्यायच्या आहेत. त्या संध्याकाळी बसमधून घरी येताना कासियानच्या मनात आलं, आता एकच शनिवार उरला. हे मनातून जाईना.

चौथ्या शनिवारी शाफकोफेलचं शिखर होतं. वर पोचेपर्यंत ऊन होतं, आणि उतरायला लागले तसं धुकं आलं. बुर्गलने सांगितलं, "मी पुढे जाऊन थांबते. शिट्टी वाजवली की एकेकाने माझ्या स्कीच्या खुणेवरून यायचं. डावीकडे अजिबात जायचं नाही, तिकडे घळ आहे." शिट्टी वाजली. व्हिएन्नाची मुलगी गेली. मग तिचा नवरा निघाला आणि चार हातांवर गेल्यावर डावीकडे वळायला लागला. धुक्यात उतार सगळीकडे सारखाच दिसतो. त्याला वाटलं असेल, आपण सरळच चाललोय.

कासियानने हाक मारली. त्या माणसाने कानावर टोपी ओढली होती.

मग कासियानने विचार केला नाही. तो सुटला. गुडघे आवळून, जुन्या पद्धतीने दोन्ही स्की जोडून, चार वळणांत त्याने त्या माणसाला खालून गाठलं आणि आडवा थांबला. दोघांची टक्कर होता होता राहिली. त्याच्या काठीच्या टोकापासून पुढे बर्फ सपाट वाटत होतं, पण तिथे खाली काही नव्हतं. "उजवीकडे," कासियान शांतपणे म्हणाला. "माझ्या मागे ये." त्या बिचाऱ्याला काय झालं ते नीट कळलंही नाही.

रोस्विताला कळलं. ती वरून पाहत होती.

खाली खानावळीत गरम सूप आलं. व्हिएन्नाचं जोडपं फोटो बघत होतं. रोस्विताने चमचा उचलला नाही.

"किती वर्षं?" तिने विचारलं.

"काय?"

"सोंग पुरे. किती वर्षं?"

"लहानपणापासून," तो म्हणाला.

"म्हणजे मी त्या वळणावर रडत होते, तेव्हा तू..." ती थांबली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी मुलाला मुद्दाम फोन करून सांगितलं. इथे माझ्यासारखाच एक घाबरट आहे, आम्ही दोघं मिळून चढतो. आणि तू काय, मजा बघायला आला होतास?"

"मजा नाही बघितली."

"मग काय बघितलंस?"

भोवती माणसं होती. घरी एकटा असताना कासियानने मनातल्या मनात तिच्याशी किती गप्पा मारल्या होत्या, त्यातलं एकही वाक्य कामाला आलं नाही. रोस्विताने सुपाचे पैसे टेबलावर ठेवले आणि ती बसकडे गेली.

सगळे पांगल्यावर बुर्गल त्याच्या समोर येऊन बसली. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "पडताना तू दर वेळी काठ्या आधी बाजूला करत होतास. नवशिका माणूस असा नीट पडत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"माणूस पैसे भरून चार शनिवार आपटून घेतो, त्याला काय विचारायचं?" तिने खांदे उडवले. "पुढच्या तुकडीला ये. आहेस तसा ये. सगळ्यांच्या शेवटी चाल. मला मदत होईल."

तो गेला, एकदाच. बुर्गलने ओळख करून दिली, "हा कासियान, याला इथला दगडन्दगड माहीत आहे." आणि लोकांनी त्याला मान दिला. डोंगरात अरे-तुरे करायचं असतं हे माहीत असूनही तरुण पोरं त्याला "तुम्ही" म्हणत होती. "तुम्हाला काय वाटतं, बर्फ टिकेल का?" तो उत्तर द्यायचा, ते आभार मानायचे आणि पुढे आपापसात हसायचे. जेवताना त्याच्यासाठी उन्हातला सगळ्यात चांगला दगड रिकामा ठेवला होता. त्यावर तो एकटाच बसला. त्याच्या पावाचे काप कुणी मागितले नाहीत.

मार्चच्या मध्यावर त्याने स्वच्छ सदरा घातला आणि आगगाडीने फिलाखला गेला. औषधांची दुकानं बरीच होती, तिसऱ्यात ती दिसली. पांढऱ्या कोटात ती आणखी ठेंगणी वाटत होती. तो रांगेत उभा राहिला. मागे काठी टेकत एक म्हातारी आली.

"काय हवंय?" रोस्विताने विचारलं. मग वर पाहिलं.

"टाचेला फोड आलेत," कासियान म्हणाला. "भाड्याच्या बुटांनी."

तिने खालच्या खणातून पट्ट्यांची डबी काढली. तो घाईघाईने बोलायला लागला, कारण म्हातारी चुळबुळ करत होती. "माझ्याबरोबर यायला कुणी उरलं नव्हतं. एकट्याने चढवेना. म्हणून खोटं बोललो. पण भीती वाटते म्हणालो ते खोटं नव्हतं. ती उताराची नव्हती, एवढंच. चार शनिवार संपतील याची होती."

रोस्विताने डबी पिशवीत घातली, पिशवी त्याच्यापुढे सरकवली. "रात्री पट्टी काढून ठेवा," ती म्हणाली. "हवा लागू द्या. पुढे कोण आहे?"

ते "ठेवा" त्याच्या कानात परतीच्या गाडीत वाजत राहिलं.

मार्च सरता सरता तिचा फोन आला. नंबर बुर्गलकडून घेतला असावा. नमस्कार-चमत्कार काही नाही. "तुझ्या गावातली सगळ्यात सोपी वाट कोणती?"

"हॉखराइन. टेकाडच आहे. आम्ही कधी गेलोच नाही तिकडे."

"का?"

"सोपं होतं म्हणून."

"शहाणेच आहात. रविवारी येते. मी पुढे चालणार, तू मागे. शिकवायचं नाही, सल्ला द्यायचा नाही."

रविवारी ती पहिल्या बसने उतरली. पहाटेचा कडकपणा जाऊन बर्फ मऊ पडायला लागलं होतं, खालच्या कुरणांत गवताची पिवळी ठिगळं उघडी पडली होती. कासियान स्वतःच्या जुन्या स्की घेऊन आला होता. तिने त्या वरपासून खालपर्यंत पाहिल्या. ती पुढे चालली. तिची वाट नको तिथे उभी आणि नको तिथे आडवी होती, आणि तो मुकाट्याने त्याच वाटेने गेला. अर्ध्यावर ती एका वळणावर बसली. कासियान जागच्या जागी उभा राहिला.

"अरे हात दे की," ती म्हणाली. "बोलू नकोस म्हटलं होतं. पुतळा हो असं नाही म्हटलं."

त्याने हात दिला.

वर वारा नव्हता. दोघं पिशव्यांवर बसले. हातमोजे काढत रोस्विता म्हणाली, "मला राग कशाचा आला माहितेय? तू तरबेज निघालास याचा नाही. मी पुन्हा एकटीच घाबरट उरले, याचा."

कासियानने मान हलवली. "एकटीच नाहीस" असं म्हणता आलं असतं, पण ते तो एकदा म्हणून बसला होता. त्याने पाव कापला आणि मोठा तुकडा तिला दिला. ती खात खात समोरच्या शिखरांची नावं विचारत राहिली, आणि तो सांगत राहिला. प्रत्येक नावामागे व्हिन्सेंझ होता. कधीतरी त्याच्याबद्दलही तो बोलायला लागला. ती ऐकत होती.

दुपारच्या बसला ती निघाली. हंगाम संपलाच होता, पुढचा रविवार म्हणजे चिखल. "पुढच्या हिवाळ्याचं बघू," ती म्हणाली. "गुडघा काय म्हणतो त्यावर आहे." बसच्या काचेआडून तिने हात हलवला की केस सारखे केले, हे त्याला नीट दिसलं नाही.

स्की खांद्यावर टाकून तो गावातून वर निघाला. उन्हं डोंगराआड गेली होती, पागोळ्या गळायच्या थांबल्या होत्या. शेजारची थेरेसिया दोरीवरचे कपडे काढत होती.

"कुठे गेला होतास?"

"हॉखराइनला."

"त्या टेकाडावर? एकटाच?"

"नाही," कासियान म्हणाला.

आणखी काही सांगेल म्हणून थेरेसिया कपडे हातात धरून थांबली. त्यालाही सांगावंसं वाटत होतं, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. "थंडी पडेल आज," एवढं बोलून तो घराकडे वळला. दारातल्या बाकावर बसून त्याने बुटाचे बंद सोडले, आणि पाय गार पडेपर्यंत तसाच बसून राहिला. मग आत जाऊन चूल पेटवली.