पुढची होडी

मोआगीच्या पोटात दुखत होतं, आणि ते काही खाण्यातून नव्हे. वीस वर्षं होड्यांच्या रांगेत पुढे तोच असायचा. यंदा ओकावांगो नदीच्या दलदलीत पुराचं पाणी पसरलं, पाहुणे आले, आणि त्यांनी पुढच्या होडीवर नाव घेऊन मागितलं ते गोसेगोला. त्याच्या सख्ख्या बहिणीची पोरगी! काठी कशी रेटायची ते हिला शिकवलं कुणी? यानंच. घ्या, शिकवा अजून.

बाकीचे नावाडी म्हणाले, मामा, आता भाचीच्या मागे लाटा मोजा. तो हसला. हसावंच लागतं.

काठावर हत्ती दिसले, तशी गोसेगो पाहुण्यांना हत्तींच्या गोष्टी सांगू लागली. शब्दन् शब्द मामाचा, आणि माना डोलत होत्या तिच्यासाठी. मोआगीचा नुसता जळफळाट झाला.

वळणावर डावीकडे त्याला बुडबुडे दिसले. खाली पाणघोडा होता. अशा वेळी होडीच्या कडेवर काठी दोनदा आपटायची, की पुढचा थांबतो. त्यानं काठी उचलली आणि तशीच धरली. घाबरू दे जरा, कळू दे पाहुण्यांना कोण किती पाण्यात आहे ते. गोसेगोनं एकदा वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं चेहरा कोरा ठेवला. ती सरळ पुढे गेली.

पुढच्याच क्षणी पाणघोड्यानं होडी उलथवली. मोआगीनं उडी टाकली, गोसेगो आणि तिच्या होडीतले दोन पाहुणे, तिघांना ओढून जवळच्या बेटावर आणलं. नशीब, खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नाही. पाणघोडाही लव्हाळ्यात निघून गेला.

कपडे पिळता पिळता गोसेगोनं सगळ्यांदेखत चूक आपल्या अंगावर घेतली आणि सांगितलं की पुढची जागा मामाचीच. मग त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, वळणावर मी पाणी बघतच नाही हो. लहानपणापासून तुमचं तोंड बघते. तुमच्या तोंडावर काही नव्हतं, म्हणून गेले."

मोआगीला सगळं सांगून टाकायचं होतं. बोलला मात्र एवढंच, "माझंही लक्ष नव्हतं, पोरी."

"तुम्हालाच दिसलं नाही, तर कुणाला दिसणार?" ती म्हणाली आणि निवांत झाली.

रांग पुन्हा निघाली. पाहुणे आता त्याच्याच होडीत बसले होते आणि मोआगी सर्वांत पुढे होता. पुढच्या वळणाला त्याला सवयीनं मागे गोसेगोकडे बघायचं होतं. त्यानं बघितलं नाही.