बुंध्याचा काप

"सूर्यफुलाच्या खोडात लाकूड? कमाल आहे," म्हणत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी लाल पेन उघडलं, आणि टेबलं पुसत असलेल्या मामांचं फडकं जागीच थांबलं. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस. एकतीस वर्षं परीक्षेसाठी खोडांचे पातळ काप तेच काढत आले होते. बाईंसमोर उभी असलेली मुलगी रडकुंडीला आली होती, पण हटत नव्हती. बाकीच्या एकोणीस जणांना सुटे सुटे ठिपके दिसले असतील, मला लाकडाचं अखंड कडं दिसलं, दिसलं तेच काढलं, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. निम्मे गुण या एका प्रश्नाचे. रेघ ओढली की पोरगी नापास.

खरं काय ते एकट्या मामांना ठाऊक होतं. सकाळी कुणाची तरी शेळी कुंपणातून घुसली आणि कोवळी सूर्यफुलं फस्त करून गेली. तिच्या तोंडातून वाचलेल्या पेराएवढ्या तुकड्यातून जेमतेम एकोणीस काप धड निघाले. विसावा मामांनी सूर्यफुलाच्याच एका जून झाडाच्या बुंध्यातून काढला आणि कुणाला कळतंय म्हणून गप्प बसले. कोवळं खोड बटाट्याच्या दोन फोडींत धरून कापावं लागतं, नाहीतर चुरगळतं. या बुंध्यावर तर पातं करकरलं होतं. हाताला सगळं कळलं होतं हो, तोंडच उघडलं नव्हतं. निवृत्तीला चार महिने उरलेले, नसती बिलामत कोण ओढवून घेणार?

पेन कागदाला टेकलं, तोच मामा बोलून गेले. "थांबा बाई. चूक तिची नाही, माझी आहे."

एकदा सुरुवात झाल्यावर मात्र त्यांना आवरेना. शेळीपासून सगळं घडाघडा सांगून टाकलं. कोवळ्याचं उरलेलं थोटुक नखाने दाबून दाखवलं, तर पाणी सुटलं. बुंध्याचा तुकडा टेबलावर टाकला, तो खट्‌कन वाजला. मग भराभर पातं काढलं. हात काय झकास चालला! बुंध्याचा काप इतका पातळ उतरला की बशीतल्या पाण्यात शोधावा लागला.

बाईंनी त्यावर रंगाचा थेंब टाकून तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग पेन मिटलं. मुलीला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण दिले. तुमच्याबद्दल मात्र वर कळवावं लागेल, असं त्यांनी मामांना सांगितलं. कळवा की, मामा म्हणाले. त्यांना इतकं मोकळं वाटत होतं की हसूच येत होतं.

"मामा, तुम्ही बघा ना, काय सुरेख दिसतंय," मुलगी म्हणाली.

मामा जागचे हलेनात. नोकरीच्या पहिल्याच दिवशी जुन्या सरांनी बजावलं होतं, भिंगाला हात लावायचा नाही. हजारो काप काढले, पण त्यांनी ते तंतोतंत पाळलं होतं. बाईंच्या ते लक्षात आलं. त्या उठल्या आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

मामा वाकले. जांभळ्या रंगात एक जाड, सलग कडं उजळलेलं होतं.

"अरेच्चा," ते पुटपुटले, "इथे अडत होतं होय पातं."

घंटा झाली, मुलं बाहेर पडली. मामा अजून वाकलेलेच होते, आणि दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते.