लाल हाड, निळं हाड

१९९८ साली मी पोलादपूरजवळच्या कापडे गावात तुळजाबाईंच्या माडीवर राहायचे, ते बेडकांची हाडं बघायला. नखाएवढे हे बेडूक पानावर अंडी घालतात आणि अंड्यातून शेपटीवालं पिल्लू न येता थेट चार पायांचा बेडूकच बाहेर पडतो. अंड्यातल्या अंड्यात कुठलं हाड आधी पक्कं होतं, एवढाच माझा प्रश्न होता. त्यासाठी मेलेली पिल्लं औषधात ठेवून काचेसारखी करायची आणि रंगवायची. कच्चं हाड निळं, पक्कं लाल. लोक हसायचे. हसोत बापडे.

तुळजाबाई गावात मोडकी हाडं बसवायच्या, पन्नास वर्षं, नुसत्या बोटांनी. एकदा त्यांनी माझ्या भिंगातून पाहिलं.

"मांडी लाल हाय, डोसकं अजून निळं. आधी उडी, अक्कल मागनं."

माझा दोन वर्षांचा अभ्यास त्यांनी चहा निवायच्या आत संपवला. मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या रावजीला घेऊन आल्या. त्याचा पाय त्यांनी बसवला होता. महाडच्या एक्स-रेवाल्याने तो वाकडा जुळलाय म्हणून सांगितलं, रावजीने ते पोलादपूरच्या बाजारभर केलं आणि तेव्हापासून तुळजाबाईंच्या ओटीवर कुणी मुरगळलेलं बोटही आणत नव्हतं.

"काळ्या फोटोत सगळंच वाकडं दिसतं," त्या म्हणाल्या. "ह्याला रंगव."

रावजी पाय धुऊन आला होता. मी सरळच सांगितलं, आधी मरावं लागतं, मग कातडी काढतात, मग महिनाभर औषधात.

रावजीने नीट विचार केला. "भातकापणी झाल्यावर चालंल काय?"

"चालेल," मी वैतागून म्हटलं. तो समाधानाने गेला.

तुळजाबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी डावं मनगट पुढे केलं. बाराव्या वर्षी मोडलेलं, स्वतःच बसवलेलं, त्यांचं पहिलं हाड.

"मी मेले की हे रंगव. सरळ असलं तर बाजारात दाखव. वाकडं असलं तर नको."

"एवढी बरणी नाही माझ्याकडे."

"भात उकडायचा हंडा हाय."

मला हसू येत होतं, पण त्यांनी मनगट मागे घेतलं नाही. मी त्यांच्यासारखाच अंगठा मनगटावरून फिरवला. मला काहीएक कळलं नाही.

"सरळ आहे, आजी."

"बोटांचं काय खरं हाय गो," तुळजाबाई म्हणाल्या. "रंगवच तू."