न मोजलेले दिवस

बाळांनो, क्षणभर कल्पना करा. सकाळी तुम्हाला खुराड्यातली अंडी मोजायला पाठवलं. तुम्ही वाकून पाहिलंत, एकही अंडं नव्हतं. वहीत शून्य लिहिलंत. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ताप आला, तुम्ही गेलाच नाहीत. त्या दिवसाची चौकट कोरी राहिली. मग कुणीतरी वही नीटनेटकी दिसावी म्हणून त्या कोऱ्या चौकटीतही शून्य भरलं. आता वही सांगते की तुम्ही जाऊन पाहिलंत आणि खुराडं रिकामं होतं. तुम्ही तर असं कधी म्हणालाच नव्हतात.

तसं शून्य मी भरलं होतं. अंड्यांचं नाही, पावसाचं.

ऑस्ट्रेलियातल्या डबो गावच्या एका कार्यालयात मी तीस वर्षं पावसाच्या नोंदी सांभाळल्या. पश्चिमेकडे मेंढ्यांची मोठमोठी शेतं आहेत. तिथली माणसं रोज सकाळी नऊला अंगणातलं पर्जन्यमापक बघायची, आकडा वहीत लिहायची आणि महिन्याच्या शेवटी पानाची नक्कल टपालाने आम्हाला पाठवायची. आम्ही तो आकडा संगणकात घालायचो. ज्या दिवशी मापक पाहिलंच नाही, ती चौकट कोरी. जुना संगणक कोरी चौकट कोरीच ठेवायचा.

मग नवा संगणक आला. जुन्यातल्या नोंदी बाहेर काढायच्या, प्रत्येक आकड्यानंतर एक स्वल्पविराम, आणि ती लांबलचक यादी नव्यात ओतायची, एवढंच काम. कोऱ्या दिवसाच्या जागी दोन स्वल्पविरामांच्या मध्ये काहीच नसायचं. तिथे आलं की नवा संगणक अडायचा. त्याला आकडाच हवा. मी सुरू करायचो, तो थांबायचा. परत सुरू, परत बंद. असे तीन आठवडे गेले. शेवटी एका गुरुवारी मी एक ओळ लिहिली: रिकामं असेल तर शून्य धर.

चहाच्या वेळेपर्यंत सगळं आत गेलं. आमची साहेबीण ग्लेनिस पॅफर्ड हिने लॅमिंग्टन केक मागवले. जुना संगणक पुसून भंगारात दिला. घरी जाऊन मी बूटसुद्धा न काढता झोपलो.

आठ महिन्यांनी फोन आला.

"तूच का तो कॉम्प्युटरवाला? मी क्लेम हॅडिगन बोलतोय, विराबिलाच्या शेतावरून. माझं मापक बंद करताय म्हणे तुम्ही."

"कोण म्हणतं?"

"तुमचंच पत्र म्हणतं. माझ्या नोंदी विश्वासार्ह नाहीत म्हणे. अठ्ठावन्न वर्षं लिहितोय, राव. माझ्या बायकोनेसुद्धा मला इतकी वर्षं सहन केलं नाही."

"पण कारण काय दिलंय?"

"पुराच्या वर्षी चारी बाजूंच्या शेजाऱ्यांकडे धो धो पाऊस, आणि माझ्याकडे सलग सहा दिवस शून्य. मी काय मापकावर छत्री धरून बसलो होतो?"

मला हसू आलं आणि लगेच तो गुरुवार आठवला.

"क्लेम, त्या सहा दिवसांत तू कुठे होतास?"

"कुठे असणार? गावातल्या पबमध्ये अडकलो होतो. आमची काळी माती तुला ठाऊक नाही? चार थेंब पडले की गाडी चाकांच्या आसापर्यंत रुतते. सातव्या दिवशी चालत घरी पोचलो. मापक जवळजवळ काठोकाठ भरलेलं. लिहिलं, सात दिवसांचा मिळून एकशे ब्याण्णव मिलिमीटर. आधीचे सहा कोरे सोडले. न पाहता लिहायला मी काय राजकारणी आहे?"

मी खुर्चीत मागे टेकलो. ज्या दिवशी सगळ्यांत जास्त पाऊस, त्याच दिवशी रस्ता बंद, त्याच दिवशी चौकट कोरी. आणि नेमक्या त्याच दिवसांवर माझी शून्यं जाऊन बसली होती. पडताळणी करणारा संगणकाचा प्रोग्राम शेजारच्या मापकांशी तुलना करत होता आणि त्याला क्लेम खोटारडा वाटत होता.

मी ग्लेनिसच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे बंद करायच्या यादीतली चाळीसच्या चाळीस मापकं तुझ्यामुळे आहेत?" तिने चष्मा काढला.

"सगळी नसतील. बरीच असतील."

"नसतील, असतील. देवा रे. त्या यादीवर शिक्का मारायला समिती शुक्रवारी बसतेय. मी त्यांना काय सांगू, आमच्या माणसाला झोप येत होती?"

"खरं तेच आहे."

तीही दमलेलीच होती. "एका मापकाचा पक्का पुरावा आण. मग मी यादी थांबवायला सांगते. पुराव्याशिवाय तोंड उघडणार नाही मी."

टपालाने आलेल्या नकला आम्ही केव्हाच फेकल्या होत्या. मूळ वह्या मात्र क्लेमकडे होत्या, स्वयंपाकघरातल्या कपाटात, पिठाच्या डब्यांमागे. पण क्लेमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. वाचणार कोण? त्याची अकरा वर्षांची नात ब्रायडी. ती शाळेच्या बसमधून साडेचारला उतरायची, मग टेबलावर फोन मोठ्या आवाजात ठेवून आम्ही कामाला लागायचो.

क्लेमच्या नावावर बावीस दिवस संशयास्पद होते. मी तारीख सांगायची, तिने पान काढायचं.

"कोरं," ती म्हणायची. तोंडात बिस्किट असायचं. आजोबांना ती पॉप म्हणायची. "हेही कोरं. पॉप, तू सारखा पबमध्ये कसा अडकायचास?"

"माती चिकट होती."

"की बिअर?"

"पुढचं पान काढ, शहाणे."

एकदा मध्येच तिने विचारलं, "हे कोरं म्हणजे शून्यच ना? तसाही आकडा नाहीच आहे."

"तुझ्या वर्गात परीक्षेला न आलेल्या मुलाला किती मार्क मिळतात?" मी म्हटलं.

"मार्क नाही. गैरहजर लिहितात."

"आणि येऊन सगळं चुकवलेल्याला?"

"शून्य. रोरीला मिळालं होतं." थोडा वेळ फोनवर नुसता पानांचा आवाज. मग ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरने गैरहजर मुलाला नापास केलं."

"कॉम्प्युटरने नाही. मी."

"बरं झालं कबूल केलंस," क्लेम मागून म्हणाला. "आमच्याकडे मेंढीसुद्धा कबूल करत नाही."

चार दिवसांत एकोणीस दिवस झाले. एकोणीसही कोरे. प्रत्येक पानाचा फोटो ब्रायडी पाठवत होती. माझी मान दुखत होती, जेवणाचा डबा तसाच परत जात होता. गुरुवारी संध्याकाळी फक्त तीन दिवस उरले होते, तिन्ही नव्वद सालच्या एप्रिलमधले.

"अरे देवा," ब्रायडी म्हणाली.

"काय झालं?"

"उंदीर. पानाचा अर्धा भाग नाहीच. पंधरा तारखेपर्यंत दिसतंय. तुमचे तीन दिवस पोटात गेले."

"क्लेम, तुला आठवतंय?"

"नव्वदचा एप्रिल..." तो आठवू लागला. "माझी बायको नोरीन तेव्हा इस्पितळात होती. मी जाऊन-येऊन करत होतो. काही दिवस घरी होतो, काही नव्हतो. कुठले ते नाही सांगता येत."

घड्याळात साडेसहा झाले होते. सकाळी नऊला समिती. मी डोळे चोळले आणि म्हटलं, "हे बघ, बाकी एकोणीस कोरे आहेत. हेही कोरेच असणार. कोरे लिहून टाक. बावीसपैकी बावीस झाले की कुणी तोंड उघडणार नाही. नाहीतर ग्लेनिस म्हणेल, पुरावा अर्धवट आहे, आणि मापक जाईल."

क्लेमची अठ्ठावन्न वर्षं त्या मापकापाशी गेली होती.

"लिहू का, पॉप?" ब्रायडीने विचारलं.

"तू वाचतेयस. तू ठरव."

आता तुम्हाला सांगून टाकतो. शुक्रवारी ग्लेनिसने एकोणीस दिवसांचे फोटो समितीपुढे ठेवले आणि यादी थांबली. चाळीसही मापकं पुन्हा तपासली गेली. त्यात माझं पुढचं वर्ष गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. पण गुरुवारी संध्याकाळी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. एक थकलेला माणूस त्या मुलीला सोपी वाट दाखवत होता, आणि तिच्या आजोबांचं मापक तिच्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

ब्रायडीने कुरतडलेल्या पानाचा फोटो काढला. मग एका कागदावर तीन तारखा लिहिल्या, प्रत्येकीपुढे "पान उंदरांनी खाल्लं, आम्हाला माहीत नाही" असं लिहिलं, खाली स्वतःची सही केली आणि दोन्ही मला पाठवून दिलं.