बाण देवीकडेच का वळतो?

कोयनेच्या जलाशयावर दाट धुके उतरले होते आणि धक्क्यावर निम्मे गाव हात जोडून उभे होते. हंबीररावांनी लाँच जागच्या जागी पुरती फिरवली. पण चाकाजवळच्या लोखंडी खांबावर बसवलेल्या टॅबलेटमधला दिशा दाखवणारा बाण तसूभरही हलला नाही. नकाशावर धरणात बुडालेले देऊळ जिकडे होते, तिकडेच तो रोखलेला राहिला.

"बघा! लाँच कुणीकडंबी फिरवा, बाण आईकडंच!" नाथाजी भगत गरजला. "आई पाण्याखालनं वढती! हिरवं इरकल, पाच फळं आनि गावरान कोंबडा. त्याबिगर लाँच सुटायची न्हाई!"

"देवी पाण्यात, मग कोंबडा कोन खातंय रं?" मागून कुणी पुटपुटले. हसले कुणीच नाही.

लाँचच्या फळीवर सोनम कळा देत पडली होती. घाटरस्ता दरडीने बंद; पैलतीरावर रुग्णवाहिका येऊन थांबलेली. तिची सासू मंगलबाई, गावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सुनेचा गार पडत चाललेला हात धरून बसल्या होत्या.

"हंबीरराव, लाँच सोडा."

"बाई, परवा बाणाच्या मागं गेलो आनि बुडीत झाडांत घुसलो. आज ह्या पोरीला घिऊन कसा जाऊ? आईचा कोप हाय."

खंडेनवमीला कोयत्या-कुदळींबरोबर गावाने टॅबलेटचीही पूजा केली होती. तेव्हा नाथाजीने देवीचा तांब्याचा टाक टॅबलेटखाली खांबाला नुसता टेकवला आणि तो खिळ्यावाचून चिकटून बसला. गाव तिथेच नमले होते.

"आत्या, मला न्हाई सोसत," सोनम कण्हली.

उभ्या आयुष्यात भगतापुढे न वाकलेली मंगलबाईंची मान त्या क्षणी वाकली. त्यांनी कुणाच्या तरी हातातला करंडा घेतला, कुंकवाचे बोट टाकाकडे नेले. त्यांच्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन ताठ झाली आणि टक्कन टाकाला जाऊन चिकटली.

मंगलबाईंचा हात तिथेच थांबला. त्यांनी पिन ओढून काढली, सोडली, पुन्हा टक्कन.

"नाथाजी, तांबं कधीपासून लोखंड ओढायला लागलं?"

"बाई, हात लावू नगा! आंधळ्या व्हाल!"

"होईन. पण आधी बघेन." त्यांनी टाक उपटून उलटा केला. मागे स्पीकरमधले काळे चुंबक डिंकाने चिकटवलेले होते. "टॅबलेटच्या पोटात होकायंत्र असतं. चुंबक त्याच्याबरोबरच फिरणार. मग लाँच कुठेही वळो, बाण जागचा हलेल कसा? बाण देवळाकडे येईपर्यंत नाथाजीनं टाक खांबावर सरकवला, एवढाच चमत्कार!"

टाक दूर ठेवताच बाण भेलकांडत फिरू लागला.

"आता तर समदंच बिघडलं!" हंबीरराव रडवेले झाले.

"चुंबकानं बाण भरकटलाय, त्याच्यावर आता विसंबू नका. कान उघडे ठेवा." मंगलबाईंनी फोन लावला. "रुग्णवाहिका का? भोंगा सुरू करा आणि आम्ही टेकेपर्यंत बंद करू नका!"

धुक्यापलीकडून भोंगा उमटला. त्या आवाजावर लाँच ठेवून हंबीरराव पार गेले. हा भोंगा घेऊन रुग्णवाहिका सकाळपासून तिथेच उभी होती.

सोनम वाचली. बाळ आले ते निपचित. "थोडं आधी आणलं असतं तर," एवढेच डॉक्टर म्हणाले.

नाथाजीला पोलीस घेऊन गेले, तेव्हा गाव पुन्हा धक्क्यावर जमले. मंगलबाईंनी तो टाक मधोमध ठेवला आणि बांगडीतली पिन काढून हंबीररावांच्या हाती दिली.

"लावून बघा. प्रत्येकानं बघा. भगत सांगो नाहीतर यंत्र सांगो, आधी पारखा, मग माना. देवीनं माझं नातवंड मागितलं नव्हतं. तुम्ही हात जोडून उभे राहिलात, आणि शेवटी मीसुद्धा करंडा उचलला. ते हात वेळेवर कामाला लागले असते, तर आज माझ्या घरात पाळणा हलला असता."

पिन हातोहात फिरली. दर वेळी टक्कन आवाज होई आणि दर वेळी एकेक मान खाली जाई.